चार बोटं

तार्तूच्या वाचनालयात, तळघरातल्या खिडकीपाशी
हेल्वे फाटकी पुस्तकं सांधत बसते.
खिडकीतून दिसतात ते फक्त बूट,
फेब्रुवारीभर बर्फानं माखलेले.
बुटांवरूनच ती ओळखते
आज कोण पुस्तक उशिरा परत आणतंय.

हे एक पुस्तक
तिच्या टेबलावर सहाव्यांदा आलंय.
दर वेळी शिवण उसवलेली, दर वेळी सतरावं पान
कोपऱ्यात लोण्याच्या बोटांनी
पार आरपार झालेलं.

गोष्ट जुनी, दलदलीकडच्या गावांतली.
घरातली चूल विझते. आई अंथरुणाला खिळलेली.
धाकटी निखारा मागायला दलदलीत जाते.
तिथली म्हातारी, शेवाळाच्या केसांची, म्हणते,
देते की. तू काय देशील?
मुलीकडे काहीच नाही.
हात तेवढे आहेत.

चित्रं काढणारी वेल्दा, सारेमा बेटावरची.
तिनं म्हातारीला दुष्ट काढलं नाही,
लोकांना तेच जास्त खटकलं.
करंगळीवर म्हातारी वाकलीय
ती बाळाचं झबलं शिवणाऱ्या बाईसारखी,
ओठांत दोरा धरून, अगदी मन लावून.
रक्त कुठंच नाही. काळा रंग मात्र एवढा
की छापखान्यात पानं दोन दिवस वाळत पडली होती म्हणे.

शेवटच्या पानावर चूल पेटलेली,
आई उठून बसलेली, वाफाळतं सूप,
आणि वाटी पुढं करणाऱ्या हाताला
चार बोटं.
पाचा उत्तरी सुफळ व्हायची कहाणी
चारांवरच थांबलेली.

पालकांची पत्रं आली.
एक आजोबा काठी टेकत स्वतः आले.
म्हणाले, आमच्या वेळीही ही गोष्ट अशीच होती,
पण ती अंधारात सांगायचे. चित्र नसायचं.
आम्ही पांघरुणात आपापली बोटं मोजून घ्यायचो.
हेल्वेनं वहीत तारीख घातली, नाव घातलं.
तक्रार लिहावी की आठवण, ते ठरेना,
तो रकाना तसाच राहिला.

मग ऑक्टोबरात, तिसऱ्या दुरुस्तीला,
कुणीतरी पिवळ्या खडूनं पाचवं बोट काढलेलं,
केळ्याएवढं.
नियमानं ते खोडायला हवं होतं.
हेल्वेनं खोडरबर उचललं, आणि चहा करायला गेली.

चौथ्या वेळी दुसऱ्याच कुणीतरी ते खोडलेलं,
कागद सोलवटेपर्यंत.
पाचव्या वेळी बोट परत उगवलेलं,
हिरवं, नखासकट.
आज तिथं भोक आहे.

लाल बूट खिडकीशी थांबले,
मग जिना उतरून खाली आले.
सॅदे, वय सहा, टोपीतून पाणी गळतंय.
पुस्तक बरं झालं का, विचारते,
आणि विचारण्याआधीच सांगून टाकते:
खोडलं ते मी.

का गं?

तिनं दिलंय ना ते बोट.
दिलेलं परत घेतलं
तर निखारापण परत द्यावा लागेल.
मग तिची आई
पुन्हा झोपून राहील.

हेल्वेच्या हातातला ब्रश डिंकाच्या वाटीत
होता तसाच राहिला.
तुझी आई कशी आहे, हे तिनं विचारलं नाही.
विचारलं इतकंच, आणि ते काढतं कोण?

माझा भाऊ, सॅदे म्हणाली.
तो लहान आहे अजून.

भोकामागं हेल्वेनं पातळ कागद चिकटवला,
कांद्याच्या पापुद्र्यासारखा, बिनरंगाचा.
वर वजन ठेवलं.
उद्या ने, म्हणाली. उद्यापर्यंत सुकेल.

लाल बूट वर गेले.
बाहेर, खिडकीला अगदी लागून,
केव्हापासून उभे असलेले
दोन निळे, फार छोटे बूट
बर्फात पाय आपटत होते,
डावा, उजवा, डावा.
आत यायचं मात्र
त्यांनी अजून ठरवलं नव्हतं.